क्लेबरची सही

रविवार, ९ नोव्हेंबर

ठरलं. आम्ही क्रूझवर जाणार. एकवीस वर्षं मी सांतोसच्या धक्क्यावर या बोटींचे दोर बांधतोय आणि सोडतोय, पण एकाही बोटीच्या जिन्यावर आजवर पाय ठेवलेला नाही. धक्क्यावरच्या नील्तोनला सांगितलं तर म्हणाला, "वाल्दो, तू वर चढलास तर बोट सुटेल कशी? सवयीनं परत खाली येशील दोर सोडायला."

ही वही इवोनेतनं दिली. माझी बायको शाळेत स्वयंपाक करते. तीनशे पोरांचं जेवण तिच्या डोक्यात बसतं, माझ्या डोक्यात दुधाची पिशवी राहत नाही. "काय काय करायचं ते लिहून काढ," म्हणाली. यादी करायला बसलो होतो, हे भलतंच लिहून झालं.

कारण जुसारा, आमची पोरगी. २३ फेब्रुवारीला तिला पंधरा पूर्ण होतील, आणि आमच्याकडे मुलीचा पंधरावा लग्नासारखा करतात. आम्ही हॉल बघत होतो, नाचायला चौदा जोड्या, तीन मजली केक, सगळं. तर पोरगी म्हणाली, "हॉल नको, क्रूझ." फेब्रुवारीतल्या एका फेरीत पंधराच्या मुलींसाठी बोटीवर खास नाच असतो. पहिला वॉल्ट्झ बापाबरोबर.

इथे थोडं स्वच्छ लिहितो, वही माझीच आहे. मी या घरात आलो तेव्हा जुसारा दोन वर्षांची होती. तिचा बाप क्लेबर. ट्रक चालवतो, उत्तरेकडे पाराला असतो. वर्षातून दोनदा सोयाबीन घेऊन बंदरात येतो आणि तिला आइस्क्रीम खायला घालून जातो. वाईट माणूस नाही. घरी टिकत नाही, एवढंच. जुसारा मला वाल्दो म्हणते. पहिल्यापासून वाल्दोच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

माशी शिंकली.

प्रवास कंपनीच्या सुएलीबाईंकडे गेलो. तीन जागा पक्क्या झाल्या. सांतोस, मोंतेव्हिदेओ, बुएनोस आयरेस, परत. मग कागदांची यादी काढून म्हणाल्या, "मुलगी लहान, देशाबाहेर चालली. आई बरोबर आहे, ठीक. वडिलांची संमती लागेल, नोटरीकडून सही प्रमाणित करून."

मी पेन काढलं.

सुएलीबाईंनी जुसाराचं ओळखपत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यावर क्लेबरचं नाव. तेरा वर्षं मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही केली, लशीच्या कार्डावर केली, तिचा हात मोडला तेव्हा इस्पितळात केली. कोणी विचारलं नाही. इथे पेन परत खिशात घालावं लागलं आणि कान तापले.

"देशातल्या देशात जाणारी बोट घेऊ या का?" इवोनेतनं विचारलं. तिला सही लागत नाही. पण त्या बोटी मार्चपर्यंत भरल्यात, आणि मुलींचा नाच याच एका फेरीत आहे. जुसारा खिडकीतून समोरच्या केशकर्तनालयाकडे बघत बसली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

इवोनेत आणि क्लेबर एकमेकांशी बोलत नाहीत. बोलले तर २०१३ सालापासून सुरुवात होते. म्हणून जुसारा म्हणाली, मीच बघते. फोन केला. तो डिसेंबरच्या मध्यावर माल घेऊन येणार आहे. बघू म्हणाला.

'बघू' हा शब्द मला आवडत नाही. दोर कसाबसा बांधला तरी माणसं बघू म्हणतात, आणि मग रात्रीत बोट हलते.

मंगळवार, ९ डिसेंबर

सही झाली नाही तर पोरगी बोटीच्या दारातून परत येणार. बाकीच्या मुली लांब झगे घालून वर, आणि ही बॅग ओढत घरी. हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत नील्तोन म्हणाला, "तू त्याच्या जागी बसून विचार कर. मुलीचा पंधरावा. पहिला नाच बापाचा. आणि त्याला फक्त सहीला बोलावताय. मी असतो तर मीही लटकवलं असतं."

खरं आहे. मग मी ठरवलं. इवोनेतला सांगितलं नाही, ती पातेलं फेकून मारेल. जुसाराला घेऊन बाजारात गेलो. तळलेलं पास्तेल आणि उसाचा रस घेतला आणि चौथ्या कालव्यापाशी कठड्यावर बसलो.

"बापाला सांग," मी म्हटलं, "सही कर आणि माझ्या जागेवर तू ये. पहिला नाच तुझा."

ती चावता चावता थांबली. "आणि तू?"

"मी धक्क्यावर. दोर कुणीतरी सोडायला हवेत ना?"

"तुला यायचं नाही?"

"माझा प्रश्न नाही गं. बाप तो आहे. मी काय, मी घरचाच."

उरलेलं पास्तेल तिनं कबुतरांना टाकलं. चीजचं होतं, तिचं आवडतं. मग विचारलं, "तिकिटावरचं नाव कधीपर्यंत बदलता येतं?"

"दहा दिवस आधी. अकरा फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. सुएलीबाईंनी सांगितलंय."

"अकरा," ती म्हणाली आणि फोनमध्ये नोंदवून ठेवलं. आईवर गेलीय, पक्की व्यवहारी. तिला बरं वाटलं असावं. मला वाटलं नाही, पण ते इथे लिहिलं म्हणजे संपलं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

क्लेबर आला होता. जुसारा शाळेतून परस्पर त्याला भेटायला गेली, सहा वाजता आली. दप्तर छातीशी धरून सरळ खोलीत. मी दारात उभा राहिलो.

"झाली सही?"

"घाईत होता. पुढच्या खेपेला म्हणाला."

"माझ्या जागेचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"हं म्हणाला."

तिचे कान लालबुंद होते. ती खोटं बोलते तेव्हा कान लाल होतात, चार वर्षांची असल्यापासून. म्हणजे तो नुसतं 'हं' म्हणाला नाही. काहीतरी लागेल असं बोलला असणार, आणि ही बापाला पाठीशी घालतेय. मग माझा हात धरून म्हणाली, "तू त्याला फोन करू नकोस. शपथ घे. तू मध्ये पडलास की तो चिडतो."

घेतली शपथ. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, काय करणार?

गुरुवार, २५ डिसेंबर

इवोनेतनं तिघांना मिळून एक मोठी नवी बॅग आणली. निळी. जेवताना सगळे बॅगेबद्दल बोलत होते. सहीबद्दल कोणी नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

सरकारी वकिलांच्या कचेरीत तीन तास बसलो. बापाची सही मिळत नसेल तर न्यायाधीशही परवानगी देऊ शकतात. पण न्यायाधीश सुट्टीवर. येतील वीस तारखेनंतर, तारीख मिळेल कार्निव्हलनंतर. या देशात सगळंच कार्निव्हलनंतर. आमची बोट कार्निव्हलनंतरच्या पहिल्या शनिवारी, २१ फेब्रुवारीला सुटते. टेबलापलीकडची बाई चांगली होती, म्हणाली, "वडिलांशीच बोला ना, सोपं पडेल." पालथ्या घड्यावर पाणी.

जुसाराला हे सांगितलं तर म्हणाली, "होईल रे वाल्दो. तू उगाच इकडेतिकडे फिरू नकोस." मला धीर देतेय पोरगी! मी द्यायचा तर ती देतेय.

गुरुवार, १५ जानेवारी

शपथ मोडली. क्लेबरला निरोप पाठवला, शक्य तितकं गोड बोलून: "अजून वेळ गेलेली नाही, पोरीसाठी एवढं कर."

संध्याकाळी त्याचा आवाजी निरोप आला, मागे इंजिनाची घरघर: "मी माझ्या वाटचं केलंय, वाल्दो. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला? मुलीला मजा करू द्या."

पाच वेळा ऐकलं. माझ्या वाटचं केलंय! काय केलंय? दरवर्षी दोन आइस्क्रीम? मुलीला मजा करू द्या म्हणे, आणि सहीचं नाव नाही. मी फोन भिंतीवर आपटणार होतो, पण भिंत नुकतीच रंगवलेली आहे.

जुसाराला हे ऐकवायचं नाही. इवोनेतला तर मुळीच नाही.

रविवार, १८ जानेवारी

दोघी चर्चला गेल्या. मी गुडघा दुखतो म्हणून मागे राहिलो.

नील्तोन परवा सहज बोलून गेला होता. नोटरीकडे माणूस स्वतः यावाच लागतो असं नाही. त्याच्या सहीचं कार्ड तिथे आधी ठेवलेलं असलं, तर कागदावरची सही कार्डाशी जुळवून शिक्का मारतात. जकातीजवळच्या नोटरीकडे सगळ्या ट्रकवाल्यांची कार्डं असतात.

इवोनेतच्या जुन्या खोक्यात क्लेबरची सही असलेले कागद आहेत. एक काढला. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून या वहीच्या मागच्या पानांवर सराव केला. पहिल्या दहा बघून मलाच हसू आलं. चाळिसाव्या सहीला हसू थांबलं, कारण ती हुबेहूब होती. माझे हात जाड दोरांचे, पण वळण पटकन उचलतात.

पकडला गेलो तर धक्क्यावरचा पास जाईल, नोकरी जाईल, आणि तुरुंग वेगळा. हे सगळं मला कळतं. पण ती दारातून परत आली तर काय, हेही कळतं.

बुधवार, २१ जानेवारी

गेलो. अर्ज भरलेला, सही केलेली. टोकन त्रेसष्ट. समोर पंचावन्न चाललेलं. आठ माणसांचा वेळ मिळाला, त्यात शर्ट पाठीला चिकटला.

खिडकीत एक तरुण मुलगी. "सही करणारे आलेत का?"

"नाही. ट्रकवर आहेत, पाराला."

"मग जुळवून बघावी लागेल. आमच्याकडे कार्ड आहे का त्यांचं?" तिनं नाव टाईप केलं. "आहे की. नवीनच आहे. बारा डिसेंबरला काढलंय."

बारा डिसेंबर! जुसाराला घाई आहे सांगून पाठवली त्याच दिवशी हा माणूस या खिडकीशी उभा होता. ट्रकच्या कागदांसाठी असेल, विम्यासाठी असेल. त्याला वेळ होता, आणि मुलीच्या दोन ओळींसाठी नव्हता.

"द्या कागद," मुलीनं हात पुढे केला.

मी कागद धरून ठेवला. तिनं ओढला, मी सोडला नाही. ती माझ्याकडे बघायला लागली.

"राहू द्या," मी म्हटलं. "एक झेरॉक्स राहिलीय."

बाहेर येऊन कागदाचे तुकडे केले, अर्धे एका डब्यात टाकले, अर्धे दुसऱ्या. चर्चच्या पायऱ्यांवर पंधरा मिनिटं बसून होतो. चोरी करायची तर ती तरी नीट जमावी. तीही जमली नाही.

जुसाराला कार्डाचं सांगणार नाही. बापाबद्दल एवढं वाईट कुठल्या मुलीला ऐकवायचं?

बुधवार, ४ फेब्रुवारी

इवोनेतला वही सापडली. पुढची पानं तिनं वाचली नाहीत म्हणते, पण मागून उघडली गेली. तीन पानं क्लेबर, क्लेबर, क्लेबर.

आधी तिला वाटलं मी वेडा झालो. मग कळलं. "शेवटचा फाटा उलटा काढलायस," म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग मी सगळंच सांगून टाकलं. नोटरी, खिडकी आणि माझी जागा क्लेबरला देऊ केली तेही.

तिथे तिचं रडं थांबलं.

"मला विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? बाप आहे तो तिचा."

"तू काय फर्निचर आहेस का रे? उचललं आणि दुसऱ्याला दिलं?" आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खुर्ची आपटली. "तेरा वर्षं झाली, वाल्दो. तेरा वर्षं दारातल्या पायपुसण्यावर उभा आहेस. आत ये की कधीतरी!"

मला राग आला. मी पोरीसाठी माझी हौस सोडतोय आणि वर बोलणी खातोय. नाव बदलायचं नाही अशी तिनं ताकीद दिली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज शेवटचा दिवस. सकाळी इवोनेत कामावर गेल्यावर जुसाराला सांगितलं, "आज जाऊन नाव बदलतोच. तिकीटच हातात पडलं तर तुझ्या बापाला सही करावीच लागेल. आपणच आधी पाऊल टाकायचं."

ती बूट बांधत होती. वर न बघता म्हणाली, "कधी जाशील?"

"चारला पाळी संपते. साडेचारपर्यंत पोचतो."

"पाचला बंद होतं ना?"

"हो."

इवोनेतचा राग परवडला. पोरीचा वाढदिवस बुडायला नको.

पावणेपाचला सुएलीबाईंच्या समोर बसलो. क्लेबरचा ओळखपत्र नंबर खिशात. त्यांनी माझं नाव उघडलं. "नक्की ना? एकदा बदललं की आज परत होणार नाही." मी नक्की म्हणायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. जुसारा. आवाज खोल गेलेला: "वाल्दो, मला चक्कर आली. शाळेच्या दारात आहे. लवकर ये."

खुर्ची कुठे पडली ते बघितलं नाही. बस मिळेना, अर्धा रस्ता धावलो. या वयात आणि या गुडघ्यानं. पोचलो तर बाईसाहेब कट्ट्यावर बसून चीजचा पाव खातायत.

"बरं वाटतंय आता," म्हणाली. "साखर कमी झाली असेल."

कपाळाला हात लावला. गार होतं. फोनवर पाच वीस झाले होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी कट्ट्यावर तिच्याशेजारी बसलो आणि मला खरंच रडू आलं. तिनं अर्धा पाव मोडून दिला आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. बिचारीला कळलं असणार काय गेलं ते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कागद आला! संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर. दोन प्रती, सही, शिक्का. "बाबाच्या मित्रानं शाळेच्या दारात दिला," जुसारा म्हणाली. मी तिला उचलूनच घेतलं, ती आता जड झालीय. खुर्च्यांभोवती एक फेरी मारली. बोट मिळाली! पोरगी वर चढणार!

इवोनेतनं कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. शिक्क्यावर बोट ठेवून थांबली. मग जुसाराकडे बघितलं, जुसारानं तिच्याकडे. "हा माझ्याकडे राहील," म्हणाली आणि पर्समध्ये घातला. "तुझ्या हातात दिला तर तू तेलात बुडवशील." मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बायका चांगल्या गोष्टीलाही रडतात.

नंतर मात्र मला वाईट वाटायला लागलं. एक दिवस! कागद एक दिवस आधी आला असता तर क्लेबरचं नाव घालता आलं असतं. जुसाराला तसं म्हटलं. "खट्टू होऊ नकोस गं. कोल्हा काकडीला राजी. माझ्याबरोबर नाचून घे."

"नशीब," ती म्हणाली आणि भातावर दुसऱ्यांदा घेवड्याचं कालवण वाढून घेतलं. दुःखातही भूक लागते, हे वय तसं. मग घास तोंडात घेऊन विचारलं, "वॉल्ट्झ येतो तुला?"

"कुठून येणार?"

"मग शिक. अकरा दिवस आहेत."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

बाहेर ढोल वाजतायत, सगळं गाव रस्त्यावर, आणि मी स्वयंपाकघरात इवोनेतला धरून एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. तिच्या पायाचं बोट दोनदा चिरडलं. "बोट बांधतोयस का मला?" म्हणते. गेल्या आठवड्यापासून ती फारच प्रेमानं वागतेय. मध्येच माझ्याकडे बघून हसते. विचारलं तर सांगत नाही.

रात्री झोप आली, बऱ्याच दिवसांनी. तरी पहाटे एकदा दचकून उठलोच. कागदात काही खोट निघाली तर?

शनिवार, २१ फेब्रुवारी

हे बोटीवर बसून लिहितोय.

प्रवाशांच्या दारानं बंदरात शिरताना चोर असल्यासारखं वाटत होतं. रांग लांब. जसजसे पुढे सरकलो तसा मी इवोनेतच्या पर्सकडेच बघत राहिलो. खिडकीत चष्म्याचा एक पोरगा. इवोनेतनं कागद पुढे केला. त्यानं उजेडात धरला, उलटा केला, परत सरळ केला.

"छान," तो म्हणाला. "बारा डिसेंबरलाच करून ठेवलीत. लोक आदल्या दिवशी धावत येतात."

"फेब्रुवारी," मी म्हटलं.

"डिसेंबर, साहेब. हा काय शिक्का." त्यानं काच पुसून कागद माझ्याकडे फिरवला. बारा डिसेंबर. जकातीजवळचं नोटरी ऑफिस.

मी जुसाराकडे बघितलं. ती निळ्या बॅगेच्या चाकांकडे बघत होती. कान लालबुंद. इवोनेत म्हणाली, "पुढे चल वाल्दो, लोक खोळंबलेत."

पलीकडे जिन्याच्या अलीकडे एक खांब आहे, तिथे मी तिला थांबवलं.

"दोन महिने!" मी म्हटलं. ओरडलोच. "दोन महिने झोपलो नाही मी! वकिलाकडे गेलो, तुझ्या बापाला शिव्या घातल्या मनात, तुझ्यासाठी खोटी सही करून नोटरीच्या खिडकीशी उभा राहिलो! तुरुंगात गेलो असतो!"

"खोटी सही?" तिनं आईकडे बघितलं. आईनं होकाराची मान डोलावली. "वाल्दो, तू वेडा आहेस का?"

"मी? मी वेडा? कागद कुठे होता?"

"दप्तरात. भूगोलाच्या पुस्तकात."

"का?"

"कारण तूच म्हणालास, सही कर आणि माझी जागा घे! मी घरी येऊन सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तू नाव बदललं असतंस. बदललं असतंस की नाही? बोल ना!"

बदललं असतं.

"माझा वाढदिवस, माझा नाच," ती म्हणाली. आता रडत होती, नाक लाल, सगळी रांग बघतेय. "मी कुणाबरोबर नाचायचं ते तू वाटून टाकणारा कोण? मला विचारलंस?"

इवोनेतनंही हेच विचारलं होतं. तेव्हा मला राग आला होता. आता नाही आला.

"आणि क्लेबर?" शेवटी मी विचारलं. "तो काय म्हणाला जागेचं?"

"त्याला मी सांगितलंच नाही. त्यानं सही करताना विचारलं, नाच कुणाबरोबर? मी म्हटलं, वाल्दो. तो म्हणाला, बरोबर आहे. आणि सही केली."

बरोबर आहे, म्हणाला. इंजिनाच्या घरघरीत 'मी माझ्या वाटचं केलंय' म्हणाला तो याच कागदाबद्दल. आणि मी त्याला काय काय बोलून घेतलं मनात.

तेरा वर्षं मला वाटत होतं की मी कुणाची तरी जागा धरून बसलोय, खरा माणूस येईपर्यंत. असं त्या घरात दुसऱ्या कुणालाच वाटत नव्हतं.

बोट सुटताना कठड्याला उभे राहिलो. खाली नील्तोननं शेवटचा दोर सोडला आणि टोपी काढून माझ्या नावानं काहीतरी ओरडला. शिवी असणार. मी हात केला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज बोट मोंतेव्हिदेओला लागली. गावात उतरलो, पण मला काही दिसलं नाही, डोक्यात एक-दोन-तीन चाललेलं.

माझा राग गेलेला नाही हे इथे नोंदवून ठेवतो. दोन महिन्यांचा आहे, तो घरी गेल्यावर काढणार आहे. जुसाराला तसं सांगितलंय. ती म्हणाली, "काढ. मीही काढणार आहे, खोट्या सहीचा."

संध्याकाळी नाच झाला. मोठं दालन, नऊ मुली, नऊ झगे. इवोनेतनं माझा टाय तीनदा बांधला. एकेक मुलीचं नाव पुकारत होते. आधी मुलगी मध्ये यायची, मग नाच करणाऱ्याला बोलावत. जुसारा गेली. पांढरा झगा, मान ताठ. मला वाटलं, जिला मी सायकल शिकवली ती हीच का?

मग तो सूत्रधार म्हणाला, "आणि जुसाराचे वडील!"

टाळ्या वाजल्या. मी सवयीनं मागे वळून पाहिलं, कोण येतंय ते. मागे केकची गाडी धरून वेटर उभा होता, तोही माझ्याकडेच बघत होता. तोवर जुसारा अख्खं दालन ओलांडून, झगा मुठीत धरून, आमच्या टेबलापाशी आली.

"दुसरं कोणी येणार नाहीये, वाल्दो," ती म्हणाली. "ऊठ."